जुना सुंभ चालेल

आज सकाळी बाजारातून परतताना आमच्या वाडीच्या वळणावरच्या नव्या बंगल्यापाशी थांबले आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, बांबूच्या परांचीवर, म्हणजे कामासाठी भिंतीलगत बांधलेल्या मचाणावर, टाकलेल्या एकाच फळीवर उभा राहून एक कोवळा मुलगा गिलावा करत होता. पायात रबरी चपला, डोक्याला टॉवेल, कमरेला काहीच नाही. रात्री वळवाची सर येऊन गेल्यामुळे फळी अजून ओली होती. खाली सावलीत बसलेल्या ठेकेदाराला मी विचारले, तर तो म्हणाला, “बाई, काय एक होवचा नाय. सवय आसा तेंका.”

हेच वाक्य मी 2012 मध्ये वेंगुर्ल्यात, माझ्या स्वतःच्या अंगणात ऐकले होते, आणि तेव्हा मला ते पटले होते.

आमचे घर बांधायला सहा माणसे होती. मे महिना सुरू झाला होता, मृगाआधी बाहेरचा गिलावा व्हावा म्हणून मी रोज घाई करत होते. परांचीचे बांबू बांधलेला सुंभ, म्हणजे काथ्याची दोरी, कुजत आला आहे, नवा आणून द्या, असे मुकादम सांगायला आला तेव्हा मी हिशेबाची वही उघडून बसले होते. चिऱ्यांचा दर वाढला होता, वाळू मिळत नव्हती. “जुना चालेल, पंधरा दिवसांचेच तर काम राहिले आहे,” असे मी म्हणाले. त्यानंतर पाचव्या दिवशी गाठ सुटली आणि विजापूरकडचा एक मुलगा अकरा-बारा फुटांवरून चिऱ्यांच्या ढिगावर पडला. आम्ही त्याला काखेत हात घालून बसवले, पाणी पाजले आणि रिक्षात अक्षरशः मुडपून घातले. पाठीला मार लागला असेल तर माणसाला उठवायचे नसते, मान आणि पाठ सरळ ठेवून फळीवर निजवून न्यायचे असते, हे तिथे जमलेल्या एकालाही ठाऊक नव्हते. तो वाचला, पण त्याचा उजवा पाय कायमचा अधू झाला.

बांधकाम कामगारांसाठी 1996 पासून स्वतंत्र कायदा होता, त्यात परांचीपासून खोदकामापर्यंत सगळ्याची तरतूद होती. पण दहापेक्षा कमी कामगार असलेल्या कामाला तो लागू नव्हता आणि स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे बांधकामही त्यातून वगळलेले होते. त्याच्या जागी आणलेल्या 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेत दहा कामगारांची अट तशीच राहिली आणि घराची मर्यादा तर पन्नास लाखांवर नेली. आपल्या कोकणातली घरे पाच-सहा माणसेच बांधतात. म्हणजे ज्या परांच्यांवरून आपल्याकडची माणसे पडतात, त्यांतल्या बहुतेक कायद्याच्या कक्षेबाहेरच उभ्या असतात! तिथे निरीक्षक येणार नाही. तिथे येतो तो फक्त मालक, तोही मुंबईहून महिन्यातून एकदा, आणि विचारतो ते एवढेच की गणपतीपर्यंत घर होईल ना.

तुम्ही सगळे माझ्यासारखेच आहात, कुणाचा जीव जावा असे तुमच्यापैकी कुणालाच वाटत नाही, म्हणूनच मला अधिक राग येतो. फरशीचा रंग निवडायला आपण चार दुकाने फिरतो, मात्र परांचीची गाठ एकदाही हाताने ओढून पाहत नाही. स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला, किमान सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा दिवस काढू नयेत असे काँक्रीटच्या कामाचे भारतीय मानक सांगते, तरी सेंट्रिंगचे साहित्य दुसऱ्या कामावर हवे म्हणून ते आधी निघते, आणि काम पुढे सरकले म्हणून आपण खूश होतो.

कामगार स्वतःच हेल्मेट काढून ठेवतात, मे महिन्याच्या घामात ते डोक्यावर टिकत नाही, हे मान्य आहे. पण परांचीला कमरेएवढा आडवा कठडा बांधला म्हणून कुणाला घाम येत नाही, एकाऐवजी तीन फळ्या शेजारी शेजारी टाकल्या म्हणून कुणाला उकडत नाही. कमरेच्या सुरक्षा पट्ट्याचेही तसेच आहे. तो दिला तरी त्याचा हूक परांचीच्याच बांबूला अडकवलेला मी पाहिला आहे. परांची कोसळली की माणूस तिच्यासकट खाली येणार. हूक स्लॅबच्या पक्क्या सळईला किंवा खांबाला हवा, एवढे सांगायला कुणी अभियंता लागत नाही.

ती वही अजून माझ्या कपाटात आहे. सिमेंट, चिरा, वाळू, खिळे, अगदी मजुरांच्या चहाच्या साखरेचाही रुपयांत हिशेब तिच्यात आहे. सुंभाची नोंद नाही, कारण तो आणलाच नव्हता. त्या मुलाची आई त्याला न्यायला आली तेव्हा तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, उलट तो बरा होईपर्यंत जेवण दिल्याबद्दल हात जोडले. ते जोडलेले हात मला आजही पाहवत नाहीत.

दुपारी मी पुन्हा त्या वळणावर जाऊन आले. मुलगा अजून वरच होता. जेवायला खाली उतरला तेव्हा मी त्याला नाव-गाव विचारले. त्याने आधी ठेकेदाराकडे पाहिले आणि मग हळूच सांगितले. बंगल्याचे मालक मुंबईत असतात, माझ्या ओळखीचे आहेत, आणि ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोहोचेल याची मला कल्पना आहे. तरीही रात्री मी त्यांना फोन करणार आहे. नव्या सुंभाचे आणि फळ्यांचे पैसे ते देणार नसतील तर मी देईन, मात्र उद्या सकाळी त्या ओल्या फळीवर त्याला चढवू नका.