रस्ता ओलांडला की लायसन्स संपलं

अमेरिकेतल्या सोशल वर्कर्सना (तिकडे ते समुपदेशनही करतात) एकाच लायसन्सवर अनेक राज्यांत काम करू देणारा राज्याराज्यांतला करार म्हणजे दर्जाशी तडजोड, असं एका लेखात म्हटलंय. पटलं नाही.

कॅन्सस सिटीतल्या स्टेट लाइन रोडवर उभे राहा. एका फुटपाथवर मिझुरी, समोरच्या फुटपाथवर कॅन्सस. समुपदेशन घेणारी बाई घर बदलून समोर राहायला गेली, की तिच्याशी व्हिडिओवर बोलायलाही दुसऱ्या राज्याचं लायसन्स लागतं, कारण पेशंट बसलाय तिथला कायदा. तीच थेरपिस्ट, तीच बाई! पुन्हा अर्ज, पुन्हा फी, आणि कधीच्या काळी ज्याच्या देखरेखीखाली काम केलं त्या सुपरवायझरला शोधून सह्या घ्या.

दर्जाचं म्हणाल तर करारात राष्ट्रीय परीक्षा आहेच. क्लिनिकल, म्हणजे थेट उपचाराच्या कामासाठी देखरेखीखालचे 3,000 तास किंवा दोन वर्षं पूर्णवेळ अनुभवही मागितलाय. नर्सेसचा असाच करार 2000 पासून चालू आहे, कुठे आभाळ कोसळलं?

तक्रार करायचीच तर वेगाची करा. करारात सामील होण्याचा कायदा मिझुरीने 2023 मध्ये पहिल्यांदा केला, एप्रिल 2024 मध्ये कॅन्सस सातवं राज्य झालं आणि सात राज्यांची अट पूर्ण होऊन करार लागू झाला. पण म्हणून लायसन्स लगेच हातात पडलं असं नाही. आधी करार चालवणारा राज्यांचा आयोग, मग नियम, मग डेटाबेस. (सरकारी काम, सहा महिने थांब तिकडेही आहेच की.)

आणि त्या राष्ट्रीय परीक्षेचं काय? 2022 मध्ये परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच आकडे जाहीर केले, त्यात कृष्णवर्णीय उमेदवारांचं पास होण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा खूपच कमी निघालं. लेखात त्यावर एक ओळ नाही.