रेडिओला आकडे फुटतात तेव्हा

सत्तरच्या दशकातल्या हॅम रेडिओची, म्हणजे हौशी मंडळींच्या बोलायच्या-ऐकायच्या रेडिओची, तबकडी मोठी सभ्य असते. काचेमागे आकडे सरकतात, लाल रेघ जागच्या जागी उभी असते आणि आपण खुशाल म्हणतो, "चौदा पॉइंट दोन मेगाहर्ट्झ." किलोहर्ट्झभर इकडेतिकडे असेल, पण रेघेची जाडीच तेवढी. तिच्याआड रेडिओची अब्रू झाकलेली राहते.

हल्ली मात्र पलीकडचा हॅम नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत सांगतो, "ओल्ड मॅन (हॅम लोक एकमेकांना असंच म्हणतात), तुम्ही एकशे ऐंशी हर्ट्झ खाली आहात." हे किती दिवस ऐकून घ्यायचं? बाहेरून डिजिटल डिस्प्ले जोडायचं ठरलं.

"मामा, रेडिओ बंद पडलाय का?" भाचीने विचारलं.

"नाही, छान चालतोय."

"मग उघडताय कशाला?"

या प्रश्नाला कुठल्याच हॅमकडे उत्तर नसतं.

पहिली अडचण म्हणजे, ऐकताना या रेडिओच्या पोटात १४.२०० मेगाहर्ट्झ तयार करणारं काहीच नसतं. एक क्रिस्टल २२.८९५ वर चालतो, व्हीएफओ (तबकडीने फिरणारा ऑसिलेटर) ५.३०० वर, आणि आयएफ, म्हणजे रेडिओच्या आतली ठरलेली मधली फ्रिक्वेन्सी, ३.३९५. पहिल्यातून उरलेले दोन वजा केले की १४.२०० उरतात. डिस्प्ले बिचारा व्हीएफओला जोडलेला, त्यामुळे तो प्रामाणिकपणे ५.३०० दाखवतो. बरं, तबकडी वर नेली की आकडा खाली येतो, कारण हा व्हीएफओ उलटाच धावतो. भाचीने दोन मिनिटं हा प्रकार पाहिला आणि "मामा, नवीन डिस्प्ले खराब निघाला," असा निकाल देऊन ती निघून गेली.

यावर उपाय असतो. डिस्प्लेला सांगायचं, १९.५०० मधून (२२.८९५ वजा ३.३९५) व्हीएफओ वजा कर. पण हे वीस मीटरपुरतं, म्हणजे चौदा मेगाहर्ट्झच्या बँडपुरतं. चाळीस मीटरला, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या बँडला, १२.५००, ऐंशी मीटरला ९.०००. रेडिओचा बँडस्विच फिरवला हे डिस्प्लेला कळत नाही, त्याला बटण दाबून वेगळं कळवावं लागतं. नाही कळवलं तर कानात चाळीस मीटरची मंडळी गप्पा मारताहेत आणि डिस्प्ले छातीठोकपणे १४.१०० दाखवतोय, असं दृश्य दिसतं. केनवुडने टीएस-५२०एस साठी डीजी-५ हा डिस्प्ले काढला तेव्हा त्यात क्रिस्टलचा, व्हीएफओ आणि कॅरियरचा असे तिन्ही ऑसिलेटर मोजायची सोय केली होती. शहाणे लोक.

आता सोल्डरिंगचा डाग द्यायचा. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) रेडिओत पॉवर व्हॉल्व्हच्या प्लेटवर शेकड्यांनी व्होल्ट असतात, माझ्याकडे आठशेच्या आसपास. प्लग काढला तरी कपॅसिटर भरलेले असू शकतात. ते रेझिस्टरमधून रिकामे करायचे, मीटरवर शून्य पाहायचं आणि मगच हात घालायचा. इतकं करून पोचायचं कुठे, तर व्हीएफओपाशी, म्हणजे आख्ख्या रेडिओतल्या सगळ्यात हळव्या जागी. कोॲक्स केबलमध्ये मीटरला साधारण शंभर पिकोफॅरड असतात. ती थेट ऑसिलेटरच्या कॉइलवर जोडली, तर मोजायला गेलेला माणूसच फ्रिक्वेन्सी ढकलून येतो. म्हणून व्हीएफओला पुढच्या भारापासून जपणाऱ्या बफरनंतर, पाच पिकोफॅरडच्या कपॅसिटरमधून, शेजारीच बसवलेल्या एका एफईटी ट्रान्झिस्टरला सिग्नल द्यायचा आणि केबल त्याच्यापुढे काढायची. तो कपॅसिटर चिमट्यात असतो तोवर असतो. चिमट्यातून सुटला की चॅसिसच्या कुठल्या फटीत गेला हे फक्त त्यालाच ठाऊक. टॉर्च दातांत धरलेला, त्यामुळे तोंडाने बोलताही येत नाही, आणि अशा वेळी बोलावंसं फार वाटतं.

जोडणी झाली. आकडे उजळले. आणि बँडवर एक किरकिर सुरू झाली, जी आधी नव्हती. डिस्प्लेचे एलईडी एकदम पेटत नाहीत, एकामागून एक झरझर पेटतात-विझतात. त्या उघडझापीचा गोंगाट केबलवरून थेट रिसीव्हरच्या घरात शिरतो. डिस्प्ले रेडिओची फ्रिक्वेन्सी दाखवतो आणि रेडिओ डिस्प्ले ऐकवतो, अशी परस्परसेवा. मग त्याला धातूच्या डबीत कोंडलं, वायरींना फेराइटचे मणी घातले, स्विचिंग ॲडाप्टर हाकलून साधा ट्रान्सफॉर्मर आणि ७८०५ रेग्युलेटर बसवला. किरकिर दबली. भांडून थकलेल्या शेजाऱ्यासारखी अधूनमधून एखादी शिट्टी येते, तिच्याकडे मी दुर्लक्ष करतो.

खरा ताप त्यानंतरचा. रेडिओ थंड असताना सुरू केला की शेवटचे दोन आकडे पळत सुटतात. अर्ध्या तासाने दम खातात. म्हणजे हा रेडिओ गेली पन्नास वर्षं असाच फिरतोय, फक्त रेघेआड दिसत नव्हतं. आता दिसतं, आणि दिसतं म्हणून बघवत नाही. कोणी दार उघडलं, वारा आला, की मी आवाजाकडे नाही, आकड्याकडे बघतो. सगळ्यात शेवटचा आकडा तर काहीच झालं नाही तरी एकाने मागेपुढे नाचतो. मोजणीचा तो स्वभावच आहे, हे मला पक्कं ठाऊक असूनही मी त्याच्याकडे डोळे वटारून बघतो.

त्यात भर म्हणजे, २२.८९५ चा तो क्रिस्टलही वयोमानाने थोडा सरकलाय. व्हीएफओच मोजणाऱ्या डिस्प्लेला तो दिसत नाही, कागदावरचाच आकडा धरून तो हिशेब मांडतो. मार्करशी, म्हणजे ठरावीक आकड्यावर खुणेचा सिग्नल देणाऱ्या ऑसिलेटरशी, जुळवून तेवढा फरक काढला, वीस मीटरवर. बाकीच्या बँडचे क्रिस्टल वेगळे, त्यांचं म्हातारपणही वेगळं.

परवा एकशे ऐंशी हर्ट्झवाले ते गृहस्थ पुन्हा रेडिओवर भेटले. "ओल्ड मॅन, तुम्ही साठ हर्ट्झ वर आहात." मी म्हणालो, "माझा डिस्प्ले तर बरोबर सांगतोय." ते म्हणाले, "माझाही." मग कोणाचा रेडिओ किती तापलाय, कोणी कशाशी जुळवलाय, यावर आम्ही इतका वेळ बोललो की सिग्नल रिपोर्ट द्यायचा-घ्यायचा राहूनच गेला. लॉगबुकात फ्रिक्वेन्सीचा रकाना मी हल्ली पेन्सिलने भरतो.