थुंकी पोस्टात, नोंद तहसीलमध्ये

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा पुन्हा तोच विषय, मराठ्यांना कुणबी म्हणून ओबीसी दाखला, त्यासाठीच्या जुन्या कुणबी नोंदी, निजामाच्या काळातलं हैदराबाद गॅझेट, कोण खरा कोण बनावट, आणि मग पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याने मेसेज टाकला की हे जुने कागद चिवडत बसण्यापेक्षा सरसकट सगळ्यांची डीएनए टेस्ट करून टाका, काय तो निकाल लागेल. धडाधड अंगठे आले त्यावर. वर आणि "मामा, तुम्ही केलीय ना तिकडं, सांगा की."

केलीय खरी. मी ओक्लाहोमात, टल्साला असतो, चौदा वर्षं झाली. ऑफिसात ख्रिसमसला कुणीतरी किट गिफ्ट दिलं. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, मग नळीत रेघेपर्यंत थुंकायचं (फेस मोजत नाहीत, त्यामुळे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो) आणि पोस्टात टाकायचं. दीड महिन्याने निकाल आला, भारतीय उपखंड ९९ टक्के. बायको म्हणाली हे मी फुकट सांगितलं असतं. पुढच्या वर्षी ईमेल आला की तुमचे आकडे अपडेट झालेत, आता ९६. आजोबा तेच, पणजोबा तेच, टक्के मात्र बदलले. कारण ही टेस्ट तुमचे पूर्वज शोधतच नाही, कंपनीकडे आज ज्या लोकांचे नमुने आहेत त्यातल्या कुणाशी तुमचा डीएनए किती जुळतो एवढंच सांगते, नमुने बदलले की उत्तर बदलतं. जवळचे नातेवाईक शोधायला ती भारी आहे, सख्खा चुलतभाऊ असेल तर लगेच सापडतो. जात शोधायला नाही.

आता भाचा म्हणेल की जातीतच लग्नं झाली तर काहीतरी दिसेलच की. दिसतं थोडं. हैदराबादची सीसीएमबी ही जीवशास्त्राची सरकारी संशोधन संस्था आणि हार्वर्ड, यांच्या लोकांचा २०१३ चा पेपर आहे, त्यात साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत इथले जवळपास सगळे गट एकमेकांत मिसळत होते आणि नंतर हे आपापल्यात लग्नं करणं घट्ट झालं असं निघालं. म्हणजे भिंती आहेत, पण नंतर घातलेल्या. आणि सरकारी दाखल्यावरचा शब्द त्या भिंतींवरून ठरलेला नाहीये, तो ठरलाय कुठल्यातरी कारकुनाच्या लेखणीवरून. १३ ऑक्टोबर १९६७ (ओबीसी दाखल्यासाठी धरलेली तारीख) च्या आधीच्या कागदावर काय लिहिलंय, हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर थुंकीत कसं असेल?

हे मला इथे राहून जास्त कळलं. आमच्या घरापासून तासाभरावर टाहलेक्वा, चेरोकी नेशनची राजधानी. चेरोकी म्हणजे इथली एक मूळ अमेरिकन जमात, त्यांचं स्वतःचं सरकार आहे. रस्त्यावर निम्म्या गाड्यांना त्यांच्या वेगळ्या नंबरप्लेट. साडेचार लाखांच्या वर नागरिक आहेत त्यांचे, आणि नागरिक व्हायचं तर डीएनए रिपोर्ट चालत नाही, अजिबात नाही. डॉझ रोल्स म्हणून याद्या आहेत, १८९८ पासून पुढच्या आठ-नऊ वर्षांत बनवलेल्या, त्यात तुमचा थेट पूर्वज पाहिजे. २०१८ मध्ये सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी टेस्ट जाहीर केली की सहा ते दहा पिढ्यांमागे एक पूर्वज मूळ अमेरिकन होता, तर सगळ्यात आधी चिडले चेरोकीच. नागरिक कोण हे आम्ही ठरवतो, लॅब नाही. दहा पिढ्यांमागे माणसाला १०२४ पूर्वज असतात हो, त्यातला एक धरून काय करणार.

पण कागद म्हणजे धुतल्या तांदळाचा असंही नाही, आणि हे ग्रुपवरच्या "गॅझेट म्हणजे देववाणी" वाल्यांसाठी. डॉझ याद्या मुळात केल्या कशाला, तर सामाईक जमीन माणशी वाटायची आणि उरलेली गोऱ्यांना मोकळी करायची. यादी करणारे तोंडाकडे बघून लिहायचे. काळा दिसला की "फ्रीडमन" यादीत, आई चेरोकी असली तरी. चेरोकींनी काळे गुलाम ठेवले होते, फ्रीडमन म्हणजे ते सुटलेले गुलाम आणि त्यांचे वंशज, १८६६ च्या तहात त्यांना हक्क दिलेले. २००७ मध्ये चेरोकींनी मतदान घेऊन त्यांना बाहेर काढलं, २०१७ मध्ये फेडरल कोर्टाने परत आत घेतलं, आणि २०२१ मध्ये चेरोकींच्याच सुप्रीम कोर्टाने घटनेतून "रक्ताने" हा शब्द काढून टाकला. दीडशे वर्षं भांडले, पण भांडता आलं ते कागद होता म्हणून.

रिपोर्टशी कसं भांडणार? तो असतो कंपनीच्या सर्व्हरवर. ट्वेंटीथ्री अँड मी, अशीच थुंकीवरून टेस्ट करणारी कंपनी, दीड कोटी गिऱ्हाइकं, मार्च २०२५ ला दिवाळखोरीत, मग लोकांच्या डेटाचं काय यावर कोर्टकचेऱ्या. पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही. आणि मी थुंकलो म्हणजे अर्धवट तुम्ही सगळेच थुंकलात, भाच्या, तुला न विचारता. याचं मला आता जरा वाईट वाटतंय.

आरक्षण कुणाला मिळावं हे टल्सात बसून सांगायचा मला अधिकार नाही, माझे दोन ओबीसी मित्र घाबरलेत आणि त्यांची भीती काही खोटी नाही. पण मोजमाप रक्ताचं करू नका. आमच्याच घरातलं बघा, लातूरला दादा वर्षभर चकरा मारतोय, निजामकाळातले खासरे, म्हणजे जमिनीच्या नोंदींचे कागद, उर्दूत, ते वाचायला एक रिटायर मास्तर गाठलेत. मागच्या आठवड्यात पणजोबांच्या धाकट्या भावाचं पान सापडलं, पुढे कुणबी. पणजोबांचं पान सापडलं, पुढे काहीच नाही. एका आईची दोन पोरं, एकाच वाड्यात राहणारी. त्या दिवशी कारकून घाईत होता का शाई संपली, कोण सांगणार. डीएनएला विचाराल तर तो सांगेल सख्खे भाऊ, ते तर आम्हाला माहितीच होतं.

दादा आता वंशावळ जोडून नक्कल मागतोय. साहेब सुट्टीवर आहेत, सोमवारी या म्हणाले.