वेल्डिंगच्या चार टाक्यांवर चाक टांगू नका

मंगळवारी रात्री भाच्याचा मेसेज आला, "मामा, रविवारी तुझ्या लेथवर हे होईल ना?" आणि वर एक लांबलचक फॉरवर्ड. तो मी आठवडाभरात दोन ग्रुपांवर पाहिला होता आणि वाचायचे कष्ट घेतले नव्हते. भाच्याने विचारल्यावर घ्यावे लागले.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. गाडीच्या लोअर आर्ममध्ये (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा लोखंडी दांडा) कंपन्या मुद्दाम रबराचे बुश (सांध्यात बसणारी रबरी नळी) घालतात, म्हणजे ते फाटत राहतात आणि गिऱ्हाईक परत परत येत राहतं. ते काढून टाका. जवळच्या लेथवाल्याकडून आर्मच्या भोकात बसेल अशी रिंग करून घ्या, बेअरिंगच्या दुकानातून 'जीई २०' आणून तिच्यात ठोका, निसटू नये म्हणून वेल्डिंगचे चार टाके मारा. मग आयुष्यभर बघायला नको. रेसच्या गाड्यांत हेच असतं. स्टिअरिंग घट्ट होतं, टायर झिजत नाहीत, मायलेज वाढतं. आणि आर्म गाडीच्या पोटात असल्यामुळे आरटीओला किंवा विमावाल्याला काही कळत नाही.

भाचा रोज गोव्यातल्या साखळीहून वेर्ण्याला कामाला जातो. महिन्यातून दोनदा बायको आणि दीड वर्षाची पोर घेऊन केरी, चोर्ला घाट करत बेळगावला सासरी जातो. त्या गाडीला हे करायचं म्हणतोय. म्हणून हे सगळं लिहायला बसलो.

माझं छोटं मशीन शॉप आहे. 'जीई' बेअरिंग मला नवं नाही. बाहेर पोलादी रिंग, आत गोळा, गोळ्याला आरपार भोक. गोळा रिंगमध्ये फिरतो आणि थोडा कलतोही, म्हणून त्याला स्फेरिकल बेअरिंग म्हणतात. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तोवर टिपरच्या आणि लोडरच्या हायड्रॉलिक सिलिंडरमधली अशी बेअरिंगं मी इतकी बदलली आहेत की मोजदाद नाही. माझं भांडण बेअरिंगशी नाही. ते कुठे आणि कसं बसवायला सांगितलंय, त्याच्याशी आहे.

आधी त्या चार टाक्यांचं बघू, कारण जीव जायचा तो तिथेच.

बुधवारी भाच्याला दुकानात बोलावलं. त्याच्याच गाडीचा गेल्या वर्षी काढलेला जुना आर्म माझ्याकडे भंगारात पडून होता. फॉरवर्डमध्ये लिहिलंय अगदी तस्सं केलं. लेथवर रिंग टर्न केली, नवं जीई २० आणलं, बसवलं. गोळ्यात बोट घालून भाच्याला फिरवायला सांगितलं. मऊ फिरला. मग बाहेरच्या रिंगच्या कडेला वेल्डिंगचे चार टाके मारले आणि पंधरा मिनिटं थंड होऊ दिलं. परत म्हटलं, फिरव. बोटाने हलेना. आत रॉड घालून जोर लावला तेव्हा करकरत थोडा सरकला. दोन टाक्यांच्या शेजारी रिंगवर केसासारखी चीर दिसत होती. भाच्याने नख घासून पाहिलं, नख अडकलं.

यात नवल काहीच नाही. बेअरिंगच्या पोलादात कार्बन सुमारे १ टक्का आणि क्रोमियम दीड टक्क्याच्या आसपास असतं, आणि ते पाणी देऊन, म्हणजे तापवून एकदम थंड करून, कडक केलेलं असतं. असल्या पोलादाला वेल्डिंगचा चटका बसला की टाक्याजवळचा भाग काचेसारखा ठिसूळ होऊन थंड होताना तडकतो, थोडा लांबचा भाग मऊ पडतो, आणि टाका आवळताना रिंगला आत ओढतो. म्हणजे त्या टाक्यांनी बेअरिंग धरून ठेवलं नाही, फोडलं. जीई २० ची बाहेरची रिंग ३५ मिलिमीटरची. ती जिथे दाबून बसवायची त्या भोकाला मुभा २५ मायक्रॉनची, डोक्याच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. भोक लहान झालं तर गोळा आवळतो, मोठं झालं तर रिंग हलायला लागते आणि रोज थोडी जास्त हलते. हे काम बोअरिंग करून, मायक्रोमीटरने मोजून, प्रेसखाली करायचं असतं आणि अडकवायला खाचेत सर्क्लिप, म्हणजे स्प्रिंगची उघडी रिंग, बसवायची असते. 'ठोका' हा शब्द वाचूनच माझं डोकं फिरलं.

बरं, समजा टाके मारले नाहीत. मोजून, दाबून, सर्क्लिप लावून व्यवस्थित बसवलं. तरी भाच्याच्या गाडीत ते चालत नाही, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याने गाडीखाली कधी नीट पाहिलं असतं तर त्यालाही ते दिसलं असतं.

त्या आर्मला दोन बुश आहेत. पुढचा आडवा, म्हणजे बोल्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने जातो. आर्म वरखाली झाला की हा बुश नुसता पिळतो. मागचा मात्र उभा आहे, बोल्ट वरून खाली जातो. बऱ्याच छोट्या गाड्यांत अशीच रचना असते. आर्म वरखाली होतो तेव्हा मागचा बुश पिळत नाही, सगळाच्या सगळा कलतो. रबर ते सोसतं, कारण ते दबतं आणि ताणतं. त्यासाठीच तो बुश मोठा आणि पोकळ्या ठेवून केलेला असतो.

आता तिथे जीई २० घाला. बेअरिंग कंपन्यांचा कॅटलॉग उघडा, माझ्या टेबलावर कायम असतो. जीई २० ईएस या बेअरिंगपुढे कलण्याची मर्यादा छापली आहे: ९ अंश. भाच्याचा आर्म मी मोजला. बुशच्या रेषेपासून बॉल जॉइंटपर्यंत, म्हणजे चाकाकडच्या टोकाच्या सांध्यापर्यंत, साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास. गाडी सपाट जागी उभी असताना बेअरिंग सरळ आहे असं धरलं, तर ९ अंश म्हणजे बॉल जॉइंटला ५५ मिलिमीटर. तीन बोटं. चाक त्याच्या पलीकडे गेलं की बेअरिंग संपलं, पोलादावर पोलाद टेकलं. चाक ८० मिलिमीटर वर गेलं तर आर्म १३ अंशांहून जास्त कलतो. पावसाळ्यातला खड्डा किंवा रात्री न दिसलेला रम्बलर (रस्त्यावरचा उंचवट्यांचा पट्टा) एवढं सहज करतो.

टेकल्यावर काय होतं? साडेतीनशे मिलिमीटरची पहार होते. पहारीने चिरा उचकटावा तसं चाकावरचा प्रत्येक धक्का त्या एका बोल्टला, आणि फॉरवर्डप्रमाणे केलं असेल तर त्या चार टाक्यांना, उचकटायला लागतो. एका धक्क्यात नाही तुटणार. रोज थोडं थोडं. आणि रबराचा बुश मरताना आधी महिनोन् महिने खडखडतो, गाडी एका बाजूला ओढते, माणूस गॅरेजला जातो. इथे टाके उचकटले की मागचा आधार एकदम सुटतो, आर्म पुढच्या बोल्टवर फिरतो आणि चाक मडगार्डमध्ये जाऊन अडकतं. हे घरासमोर झालं तर नशीब. चोर्ल्याच्या उतारावर, ब्रेक दाबलेला असताना, मागच्या सीटवर पोर असताना झालं तर? भाच्याला मी हे असंच विचारलं. तो काही बोलला नाही.

'आयुष्यभर बघायला नको' हे तर गोव्यात राहणाऱ्याने लिहिलंच नसेल. जीई ईएस हे लोखंडावर लोखंड घासणारं बेअरिंग आहे. त्याच्या बाहेरच्या रिंगला खाच आणि भोकं असतात ती ग्रीससाठी. खाणीच्या गाड्यांवर त्याला ग्रीस गन लावत राहावी लागायची, तरी लाल धूळ आत शिरून गोळ्यावर चरे पाडायचीच. मी काढलेले गोळे गेरूत बुडवल्यासारखे निघायचे. आर्ममध्ये घुसवलेल्या रिंगला ना ग्रीस भरायचं निपल, ना ग्रीस जायला वाट. वर आपला पावसाळा आणि किनाऱ्याकडची खारी हवा. बेअरिंगचं पोलाद स्टेनलेस नव्हे, त्याला गंज चढतो. पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) अस्तर असलेली, ग्रीस न लागणारी बेअरिंगं मिळतात, पण धूळ आत गेली की ते पातळ अस्तरही जातं, आणि अस्तर गेलं की खडखड सुरू.

आता रेसच्या गाड्या. इथे मला थोडं मान्य करावं लागेल, मनाविरुद्ध का होईना. रबर दबतं हे खरं आहे. जोरात ब्रेक मारला किंवा वळण घेतलं की बुश दबतो आणि चाकाचा कोन थोडा बदलतो. स्फेरिकल बेअरिंग घातलं की तो बदल जवळजवळ नाहीसा होतो, स्टिअरिंगला चाक लगेच जाब देतं. ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्याला त्याचा फायदा आहे. पण तिथे आर्मच त्या बेअरिंगसाठी बनवलेला असतो. बेअरिंग अशा दिशेने बसवतात की ते मुख्यतः फिरेल, कलायचं कमी. दोन्ही बाजूंना स्पेसर असतात, बेअरिंग फुटलंच तर आर्म सुटून जाऊ नये म्हणून मोठा वॉशर असतो, आणि शर्यत झाली की गाडी उचलून प्रत्येक सांधा हलवून बघतात, ढिला वाटला की बदलतात. आयुष्यभर नाही. फॉर्म्युला वनमध्ये तर आर्मच्या आतल्या टोकाला गोळ्याच्या बेअरिंगऐवजी वाकणारी पातळ पट्टी वापरायची पद्धत कित्येक वर्षं आहे, कारण तिथे चाक वरखाली फारच थोडं होतं. तुमच्या गाडीचं चाक तेवढंच हलतं का?

शिवाय रेसच्या ड्रायव्हरला आवाजाशी देणंघेणं नसतं. तुमच्या गाडीत रबर गेलं की रस्त्याचा प्रत्येक ठोका सबफ्रेमला (आर्म जिथे जोडतात तो सांगाडा) आणि तिथून पत्र्याला. दातापर्यंत पोचतो तो.

टायर आणि मायलेजचं एका ओळीत संपतं. फाटलेल्या बुशमुळे टो (चाकं आत-बाहेर वळण्याचा कोन) बिघडतो आणि टायर झिजतात हे बरोबर, पण तो त्रास नवीन रबरी बुश आणि अलाइनमेंट केल्यानेही जातो. मायलेज वाढायचं काही कारणच नाही.

कायद्याचा मुद्दा मला सगळ्यात घाणेरडा वाटला, कारण त्यात 'कळत नाही' हेच समर्थन आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ ला केरळच्या प्रकरणात निकाल दिला, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येणार नाही. २०१९ च्याच दुरुस्तीत कलम १८२ए आलं: परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आरसीवर बुश लिहिलेला नसतो, त्यामुळे वकील वाद घालतील, घालू देत. अपघातानंतर गाडी उचलली की वेल्डिंगचे टाके आंधळ्यालाही हाताला लागतील.

राहिली कंपन्यांची लूट. भाच्याला हा मुद्दा पटला होता, कारण नवा घातलेला पुढचा बुश सात महिन्यांत गेला होता. तो काढून लेथच्या चकमध्ये धरून पाहिला. रबर एकाच बाजूला, आतल्या नळीला चिकटलेल्या जागी तिरकं फाटलेलं. विचारलं, बोल्ट कुठे आवळला? म्हणाला, गॅरेजमध्ये, गाडी लिफ्टवर होती. झालं. चाकं लोंबकळत असताना आर्म खाली झुकलेला असतो. तेव्हा बोल्ट आवळला की आतली नळी त्या स्थितीत जखडली जाते, आणि गाडी खाली घेतल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी नुसती उभी असतानाही. ते सात महिने टिकलं हेच जास्त. बोल्ट आधी सैल ठेवायचा, गाडी चारी चाकांवर उतरवायची, बोनेट दोनतीनदा दाबून बसू द्यायची आणि मग टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळायचा. यात कंपनीची लूट कुठे आली? फिटरची पाच मिनिटं वाचवायची घाई आहे.

रविवारी भाच्याच्या गाडीला नवा आर्म बसवला, रबराचे बुश असलेला. दोन फळ्यांवर गाडी चढवून मी खाली शिरलो आणि वजन चाकांवर असताना बोल्ट आवळले. तो शेजारी उकिडवा बसून टॉर्च धरून होता.

हे मी घरच्या ग्रुपवर टाकल्यावर डिचोलीच्या एका नातेवाइकाने लिहिलं, की त्याने पावसाआधीच हे करून घेतलंय आणि गाडी मस्त चाललीय. त्याच्यासाठी, आणि असं करून घेतलेल्या प्रत्येकासाठी: ती गाडी घाटात नेऊ नका, हायवेला नेऊ नका. हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत न्या, नाहीतर टोइंगने. आर्म उतरवा आणि टाक्यांच्या कडेला चीर आहे का ते भिंगाने बघा. चीर दिसली नाही तरी तो आर्म परत बसवू नका. नव्या आर्मचे पैसे जड जात असतील तर साखळीला माझ्याकडे या. बसवायची मजुरी मी घेणार नाही.