एका घोडीचा शिलेदार

पुण्याचा दादा आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढतोय. गेल्या आठवड्यात त्याने ग्वाल्हेर शाखेचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर तपासायला पाठवला. पहिलंच वाक्य : 'शिंदेशाहीतील मातब्बर सरदार घराणे.' वाचून मला चहाचा ठसका लागला.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या प्रत्येक मराठी घरात एक तरी सरदार असतोच. लग्नात दोन म्हाताऱ्या शेजारी बसल्या की पाचव्या मिनिटाला 'आमच्याकडे पूर्वी हत्ती होता' सुरू होतं. एवढे हत्ती खरंच असते तर किल्ल्याच्या टेकडीवर गवताची काडी उरली नसती. आणि सगळेच सरदार, तर लढत कोण होतं?

आमच्याकडे हत्ती नव्हता. देवघरात पितळी डब्यात एक मोडी कागद होता. दसऱ्याला शस्त्रांबरोबर त्याचीही पूजा व्हायची. आजी सांगायची, सनद आहे. चार वर्षांपूर्वी मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांना तो दाखवला. त्यांनी भिंग लावून दोनदा वाचला आणि हळूच म्हणाले, "ताई, सनद नाहीये हो. तगादा आहे." मोहिमेत कुमाईत, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोडी पडली, तिचं मोल मिळालं नाही, रोजमुरा म्हणजे पगार थकलाय, मुलंमाणसं उपाशी आहेत, तरी कृपा व्हावी. थकबाकीच्या अर्जाला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हळदकुंकू वाहत होतो!

पण या कागदाने मला आमचा माणूस दाखवला. बारगिराला घोडा सरकारचा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, हत्यारंही स्वतःची. पगार माणसाला कमी आणि घोड्याला जास्त, असाच तो हिशेब. घोडी मेली की शिलेदारी संपली. आपण आज 'एकांडा शिलेदार' कौतुकाने म्हणतो. त्या काळी एकांडा म्हणजे पदरी पथक नाही, पाठीशी सरदार नाही, एक जीव आणि एक जनावर. त्यातलं जनावर गेलं की काय उरतं, ते त्या अर्जात आहे.

लढाईआधी तो काय होता? शिंदे मूळचे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे, आमचे लोकही त्याच बाजूचे, बेताच्या जमिनीचे. दसऱ्याला सीमोल्लंघन, मग मोहीम, पावसाच्या आत परत, पेरणी. युद्ध हा शेतीच्या मधला हंगाम होता. महादजी उत्तरेत वर्षानुवर्षं गुंतले आणि हा फेरा मोडला. किती पेरण्या चुकल्या, शेत कोणी कसलं, वाटणीत काय झालं, हे कुठल्या बखरीत येणार?

आणि परमुलखातून आलेले काही फक्त आपणच नव्हतो, हे आपल्या लोकांना आवडत नाही. महादजींनी द बॉयन या युरोपियन सेनानीकडून जे कवायती कंपू, म्हणजे पलटणी, उभे करवले, त्यांत अवधकडचे पुरबिये होते, मुसलमान होते, अधिकारी तर थेट युरोपातले. आमच्या ग्वाल्हेरात कंपू हा आजही मोहल्ला आहे, रिक्षावाल्याला 'कंपू' म्हटलं की नेऊन सोडतो. पुण्यात कंपू म्हणजे पाठीमागे कुजबुजणारी टोळी. शब्दानेही केवढा प्रवास केलाय! याच कंपूंत जखमी शिपायाचा पगार बरा होईपर्यंत चालू राहायचा, वर जखमेच्या मानाने रक्कम मिळायची, आणि कायमचा लुळा झालेल्याला जन्मभर अर्धा पगार. द बॉयन हे जमवू शकला, कारण पगारासाठी गंगा-यमुनेमधल्या दुआबातला महसूल त्याला तोडून दिला होता. १८०३ मध्ये इंग्रजांशी लढताना असई आणि लासवारीला कंपू चिरडले गेले, तहात दुआबही गेला. मग पगार कशातून देणार?

१८१० मध्ये महादजींचे वारस दौलतराव यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तो तळ हललाच नाही. आमच्या गावाचं नाव लश्कर आहे ते त्यामुळे. शिंद्यांची छावणी, जिन्सी, कंपू : मोहल्ल्यांची नावं घेतली तरी फौजेची हजेरी होते. ज्यांना 'बाजारबुणगे' म्हणून हिणवलं जातं, त्या वाण्या-लोहार-भिश्त्यांनीही इथेच चुली मांडल्या.

या छावणीबरोबर १८०९ मध्ये फिरणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याने पत्रांत धरणं धरण्याची रीत लिहून ठेवली आहे. पगार थकलेले लोक देणेकऱ्याच्या दारात बसत. ते उपाशी, आणि निकाल लागेपर्यंत आतल्यानेही जेवायचं नाही. मला ही पद्धत फार आवडते. आता उपाशी बसतो तो एकटाच बसतो.

पुढे २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनिहार, एकाच दिवशी इंग्रजांकडून दोन पराभव. जानेवारीतल्या तहाने फौज नऊ हजारांवर आणली, त्यात पायदळ फक्त तीन हजार. बाकीच्यांना घरी जा म्हणाले. पण घर कुठे? साताऱ्याला तोपर्यंत ओळखणारं कोणी उरलं नसेल. इंग्रजांनी जिंकलेल्या तोफांचं कासं वितळवून आपल्या शिपायांसाठी पदकं पाडली, ग्वाल्हेर स्टार. ती आजही लिलावात विकली जातात. तोफेमागच्या माणसाची कसली आठवण ठेवलीय आपण? काही नाही, त्याला मेल्यावर सरदार करून टाकलाय.

इथले जुने लोक आम्हाला अजून 'दक्खनी' म्हणतात, आणि पुण्यात मी तोंड उघडलं की विचारतात, "तुम्ही हिंदी का?" असो.

आमच्या बिल्डिंगच्या फाटकावर भिंडचे एक निवृत्त हवालदार असतात. मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडून दीनदयाल नगरात भाड्याने राहतात, पेन्शन पुरत नाही म्हणून बारा तासांची ड्यूटी. रजिस्टरमध्ये पट्टीने रेघा मारतात. थंडीत हीटरजवळ डावा पाय ठेवून बसतात. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "मैडम, बर्फ में दो उँगलियाँ छोड़ आए." बिल्डिंगमधली निम्मी माणसं त्यांना 'ए गार्ड' म्हणतात. त्यांत सरदार घराण्यातली दोन कुटुंबं आहेत.

तर मी दादाला लिहिलं, 'सरदार' काढ आणि शिलेदार लिही. एक घोडी, रंग कुमाईत. हे आपल्याकडे कागदावर आहे, हत्ती कुठेच नाही.

दोन दिवस उत्तर नाही. मग काल रात्री फोन आला. "अगं, लिहितो शिलेदार. पण मला सांग, घोडीचे पैसे मिळाले का मग त्याला?"

म्हटलं, दादा, अर्ज अजून आपल्याच घरात आहे.