ठिपके तुमच्याकडचे, पाढे आमच्याकडचे

परवा घरच्या ग्रुपवर थोरल्या काकांनी नातवाच्या गणिताच्या वहीचा फोटो टाकला. पानभर ठिपके. तीन आडव्या ओळी, प्रत्येक ओळीत आठ. खाली काकांचा शेरा: "तिसरीत गेला तरी आठचा पाढा येत नाही, ठिपके काढत बसलाय. आम्ही या वयात तिसापर्यंत म्हणायचो." त्यावर धडाधड अंगठे आले, आणि आत्याचं "पावकी-दिडकी तर विसराच."

मी दिवसभर गप्प बसलो आणि रात्री लांबलचक उत्तर लिहिलं. इथे इंग्लंडमध्ये यीअर टूलाच ॲरे येतात, वस्तू ओळींत मांडूनच गुणाकार सुरू होतो, पाठांतर म्हणजे गणित नव्हे, वगैरे. काकांचं उत्तर एका ओळीत आलं: "म्हणूनच तुमच्याकडे साध्या बेरजेला मशीन लागतं."

मशीनचं सोडा. तो 'तुमच्याकडे' मला लागला.

पण आधी ठिपक्यांबद्दल, कारण तिथे माझी बाजू खरी आहे. हाफ टर्मच्या सुट्टीत लेकीनं छत्तीस बटणं जमिनीवर मांडायला घेतली. एकच ओळ केली तर ती दारापर्यंत गेली. मग दोन ओळी अठराच्या, तीन बाराच्या, चार नऊच्या. पाच ओळी करायला गेली तर एक बटण उरलं. ते मुठीत धरून ती थोडा वेळ बसली, मग सगळं मोडून सहा ओळी सहाच्या केल्या आणि म्हणाली, "हा चौकोन वळवला तरी तोच राहतो." छत्तीसचे विभाजक एकूण नऊ. बाकीचे जोडीनं येतात, एक-छत्तीस, दोन-अठरा, तीन-बारा, चार-नऊ. सहाला जोडीदार सहाच, म्हणून मोजणी विषम. वर्गसंख्येचं हे गुपित मला कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो. तेरा बटणं घेतली की तेराची एक ओळ, नाहीतर एकेकाच्या तेरा ओळी, तिसरा आयत होतच नाही. मूळ संख्येची व्याख्या मी घोकली होती. तिनं ती जमिनीवर पाहिली.

आणखी एक. आम्ही 'चार नव्वे छत्तीस' चारच्या पाढ्यात पाठ केलं आणि 'नऊ चोक छत्तीस' नऊच्या. कानाला दोन्हींचं काही नातं लागत नाही. कित्येक वर्षं माझ्या डोक्यात ती दोन वेगळी सत्यं होती. वही आडवी धरली की चार ओळी नऊच्या त्याच नऊ ओळी चारच्या होतात, हे कोणी दाखवलं नाही.

आणि यात इंग्रजांचं काय आहे? भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे 1150च्या सुमारास, 135 गुणिले 12 हे उदाहरण आहे. बाराचे आठ आणि चार असे तुकडे करा, दोन गुणाकार करा, बेरीज घ्या. किंवा आधी चारनं गुणा, मग तीननं. उत्तर 1620. पहिली रीत म्हणजे ठिपक्यांच्या आयतावर मारलेली रेघ. दुसरी म्हणजे सरळ अवयव. हे मी काकांना लिहिलं, जरा तोऱ्यातच. त्यांनी वाचलं, निळ्या खुणा दिसल्या.

एक गोष्ट मात्र मी लिहिली नाही. 2022 पासून इथे यीअर फोरच्या मुलांना जूनमध्ये पाढ्यांची सक्तीची चाचणी असते. बारा बारे चव्वेचाळासेपर्यंत पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. सहा सेकंदांत ठिपके काढून होत नाहीत. पेरेंट्स इव्हनिंगला शिक्षिकेनं हसत सांगितलं, लेकीला सगळं समजतं, पण ती हळू आहे. मी मान डोलावली. घरी येताना काकाच डोक्यात होते.

दुसरी न सांगितलेली गोष्ट 2019 मधली. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' म्हणायची पद्धत आली आणि महाराष्ट्रात रण माजलं. त्या वेळी सगळ्यात कडक मेसेज माझा होता. भाषेचा खून, मुलांना मूर्ख समजता का, वगैरे. इथे बसून, इंग्रजीत 'ट्वेंटी वन' ऐकत. मराठी अंक कोणी हलवू नयेत असं मला फार मनापासून वाटायचं. आपण परत जाऊ तेव्हा सगळं जागच्या जागी असावं, इतकंच बहुधा. काका तरी रोज नातवाला घेऊन बसतात. मी फक्त मतं पाठवतो.

आता रोज संध्याकाळी आयपॅडवर सराव चालतो. मी बाजूला बसून लेकीच्या आधी उत्तर शोधतो, आणि ते मला अजूनही मराठीतच सापडतं. काल ती थांबली.

"बाबा, तू ओठ हलवून काय म्हणतोस?"

"सात आठे छप्पन्न."

"छप्पन्न म्हणजे?"

घड्याळ पुढे सरकत होतं. "पन्नास सहा," मी म्हणालो.