पंप महागलेला नाही, गोळी महागली होती

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय: 'सरकारने दम्याचे पंप ५० टक्क्यांनी महाग केले, आजच साठा करा.' हे अर्धवट आहे, आणि ते अर्धवटपणच घातक.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने आठ औषधांच्या अकरा प्रकारांची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवायला मंजुरी दिली, हे खरं. कच्चा माल महागल्याने परवडत नाही, असं कंपन्यांचं म्हणणं होतं. त्या यादीत साल्ब्युटामॉल, म्हणजे श्वासनलिका मोकळी करणारं दम्याचं औषध, आहे. पण २ आणि ४ मिलिग्रॅमची गोळी, आणि नेब्युलायझरमध्ये घालायचं द्रावण. पंप नाही! कुणीतरी औषधाचं नाव वाचलं, पुढचा शब्द वाचलाच नाही.

फरक बारीक वाटेल, पण नाही. पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध थेट श्वासनलिकेत जातं. गोळीत त्याच्या वीस ते चाळीस पट, तेही रक्तातून अंगभर फिरून. म्हणून हात थरथरतात, छातीत धडधडतं. आणि दमा आटोक्यात ठेवायला रोज घेतात तो बुडेसोनाइडचा पंप २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे, म्हणजे त्याच्याही किमतीला सरकारी कमाल मर्यादा लागू होते.

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी हा मेसेज वाचून रोजचा पंप 'पुरवून वापरायला' घेतला, दिवसाआड. काकू, तसं करू नका. पाकिटावरची छापील किंमत बघा, जुन्या बिलाशी ताडून पाहा, आणि डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका.